तुमच्या गटात किती जणी होत्या?

राष्ट्रीय मास्टर्स जलतरण स्पर्धेतून मी पदक आणलं हे कळलं की आधी अभिनंदन होतं. मग अर्ध्या मिनिटात प्रश्न येतो, "पण तुमच्या वयोगटात किती जणी होत्या हो?" सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. पुतण्याने तर पदक हातात घेऊन, त्याचं वजन बघत विचारलं. विचारणाऱ्यांच्या मनात काय आहे ते मला कळतं. साठीच्या बायका पोहायला येऊन येऊन येणार किती? ज्या येतात त्यांचं पदक ठरलेलंच.

तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगते. 50 मीटर ब्रेस्टस्ट्रोकला आम्ही पाच जणी होतो आणि 100 मीटर बॅकस्ट्रोकला, म्हणजे पाठीवर पोहायला, तीन. पदक बॅकस्ट्रोकचं आहे, कांस्य. म्हणजे हो, मी शेवटची आले आणि पदक घेऊन घरी आले.

आता जरा आतलं सांगते. मास्टर्स म्हणजे पंचविशी आणि त्यापुढचे. 25 ते 29, 30 ते 34 असे पाच-पाच वर्षांचे गट, ते पार नव्वदीच्या पुढेपर्यंत. वय स्पर्धेच्या दिवशीचं धरत नाहीत, त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला जे होईल ते धरतात. माझा वाढदिवस डिसेंबरातला. त्यामुळे साठ पूर्ण व्हायच्या आधीच, नोव्हेंबरात, मी 60 ते 64 मध्ये जाऊन बसले आणि गटात सगळ्यात धाकटी ठरले. एरवी वयाचा विषय निघाला की पदर सावरणाऱ्या बायका इथे पुढचा गट कधी लागतो याची वाट बघत असतात. 59 ची असताना 55 च्या बायकांशी झुंजायचं, साठी लागली की आपणच तरण्या!

स्पर्धा मंगळूरुला होती. कुर्ल्याहून मत्स्यगंधा एक्सप्रेसने गेलो, स्वखर्चाने, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. राज्य स्पर्धेतून निवड झाली की महाराष्ट्राच्या संघातून जायचं असतं, पण तिकीट, राहणं, खाणं हे ज्याचं त्याने बघायचं. मला त्यात गैर वाटत नाही. आपल्या हौसेचा खर्च आपणच करावा.

तलावावर गेल्यावर पहिली गंमत कळते ती चष्म्याची. हीटची, म्हणजे कोण कुठल्या फेरीत पोहणार याची, यादी भिंतीवर चिकटवलेली असते आणि तिच्यासमोर पोहण्याच्या पोशाखातली, टोपी घातलेली, पन्नाशी-साठीची गर्दी. चष्मे सगळ्यांचे बॅगेत. "माझी लेन कुठली आहे, जरा वाचता का?" असं प्रत्येक जण शेजारच्याला विचारतो, आणि शेजारच्यालाही दिसत नसतं. शेवटी कुणाचा तरी मुलगा किंवा सून येऊन मोठ्याने वाचून दाखवते.

गट लहान असले की दोन-तीन गटांच्या बायका एकाच हीटमध्ये सोडतात. माझ्या एका बाजूला पंचेचाळिशीची होती, पलीकडे सत्तरीकडे झुकलेली. आपल्या गटातली नेमकी कोण, ते पाण्यात असताना कळतही नाही. वेगळी फायनल नव्हती. हीटमध्ये जी वेळ लागली तोच निकाल. त्यामुळे "तिघींत तिसरी" हे मला कळलं ते कागद लागल्यावर. पाण्यात होते तेव्हा समोर फक्त छत होतं, आणि भिंतीच्या पाच मीटर आधी लावलेली ती छोट्या झेंड्यांची दोरी. बॅकस्ट्रोकला मागे वळून बघता येत नाही, म्हणून झेंडे दिसले की हात मोजायचे. माझे सहा लागतात. सातवा मारला की डोकं भिंतीवर.

मास्टर्सला नियमांत थोडी सवलत आहे. ब्लॉकवरूनच, म्हणजे लेनच्या टोकाच्या उंच चौथऱ्यावरूनच, सूर मारला पाहिजे असं नाही. काठावरून मारा, नाहीतर पाण्यात उतरून भिंत धरून सुरुवात करा. बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते. शर्यत झाल्यावर बाकीच्या येईपर्यंत लेनमध्येच दम खात थांबता येतं. पण सवलत तेवढीच. इशाऱ्याआधी सुटलात की बाद, दुसरी संधी नाही. ब्रेस्टस्ट्रोकला शेवटी दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी लागले पाहिजेत. आमच्या पाच जणींतल्या एकीचा उजवा हात आधी लागला आणि तिला बाद केलं. वय 63, गुडघ्याला पट्टा, पण पंचांनी हात वर केला तो केलाच. मला ते फार आवडलं. आजीबाई म्हणून सोडून दिलं असतं तर ती स्पर्धा कसली, ते स्नेहसंमेलन झालं असतं.

ती माझ्या पुढे होती. त्यामुळे मी चौथी आले, नाहीतर पाचवी आले असते. त्या चौथ्या नंबराबद्दल मला कुणी काही विचारत नाही. खरं तर राज्य स्पर्धेपेक्षा मी तिथे तीन सेकंद कमी घेतले होते, आणि साठीच्या अंगातून तीन सेकंद काढणं म्हणजे काय ते आमच्या सरांना विचारा. वर्षभर नुसत्या किकवर काम केलं. पाय बाहेर फेकताना गुडघा किती उघडायचा, पोटऱ्या कधी मिटायच्या, घोट्यातून पाऊल बाहेर वळतंय का. पदक मिळालं बॅकस्ट्रोकला, ज्यासाठी विशेष काहीच केलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा. तीनच का होत्या?

मी पोहायला शिकले सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या विहिरीत. पाठीला वाळका भोपळा बांधून काकांनी वरून सोडलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या विहिरीवर आम्ही सात-आठ पोरी असायचो. त्यातल्या दोघी माझ्यापेक्षा कितीतरी वेगाने पोहायच्या, आणि एक तर मोटेच्या धावेवरून असा मुटका मारायची की पाणी काठावर बसलेल्यांच्या अंगावर यायचं. पोरी मोठ्या झाल्या, विहीर बंद झाली. म्हणजे विहीर होती तिथेच होती, मुलगे पोहत होते, आमचं जाणं बंद झालं. कुणी रागावून सांगितलं नाही. एका उन्हाळ्यात कुणी आम्हाला बोलावलंच नाही, एवढंच.

पुढची तीसेक वर्षं मी पाण्यात पाय घातला नाही. मग गुडघे दुखायला लागले, डॉक्टरांनी पोहा म्हणून सांगितलं, आणि पालिकेच्या तलावावर दुपारच्या लेडीज बॅचला नाव घातलं. पाण्यात उतरल्यावर हातपाय आपसूक चालायला लागले तेव्हा बॅचमधल्या बायकांना वाटलं मी खोटं बोलतेय, कुठेतरी क्लास लावला असणार.

त्या मुटका मारणाऱ्या मैत्रिणीला मंगळूरुहून आल्यावर फोन केला. तिने पदकाचं कौतुक केलं आणि तिनेही तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "तीन. तू आली असतीस तर चार, आणि माझं पदक गेलं असतं." ती बराच वेळ हसत होती. मग म्हणाली की तिच्या सुनेने नातीला पोहायला घातलंय आणि तलावावर सोडायला हीच जाते, बाहेर बाकावर बसते. मी पोशाखाचं दुकान सांगितलं. लांब बाह्यांचे, गुडघ्यापर्यंतचे सगळे मिळतात हेही सांगितलं, कारण तिची खरी अडचण तिथेच असणार.

त्याच गटाची पुरुषांची यादी बघा, ती चांगली लांब असते. त्यांच्या विहिरी बंद झाल्या नव्हत्या.

जपानमध्ये मिएको नागाओका नावाच्या बाई होत्या. ऐंशीच्या पुढे गुडघ्यासाठी पोहायला लागल्या, आणि 2015 मध्ये शंभराव्या वर्षी 25 मीटरच्या तलावात 1500 मीटर पोहल्या, 1 तास 15 मिनिटं 54.39 सेकंदांत. त्या वयात 1500 पूर्ण करणारी पहिली व्यक्ती म्हणून त्यांची नोंद झाली. त्यांच्या 100 ते 104 च्या गटात त्या एकट्याच होत्या. लिफ्टमध्ये त्यांना कुणी विचारलं असेल का, माहीत नाही.

रिलेचं मात्र सांगायलाच हवं, कारण तिथे आमचं बेरजेवाचून अडलं होतं. मास्टर्सच्या रिलेत चौघींच्या वयांची बेरीज करून गट ठरतो: 200 ते 239, 240 ते 279, 280 ते 319. फॉर्म भरताना आम्ही मांडलं तर 66, 58, 56 आणि माझे 59, एकूण 239. एका वर्षासाठी आम्ही पन्नाशीतल्या बायकांच्या तावडीत सापडत होतो. "तुझं वय कमी पडतंय," असं आयुष्यात पहिल्यांदा मी ऐकलं. मग कुणाला तरी 31 डिसेंबर आठवला, मी साठची झाले, बेरीज 240 झाली आणि फॉर्मवर सह्या झाल्या.

तिथे किती संघ होते तेही विचाराल. दोन. आम्ही दुसऱ्या.

येताना गाडीत पुढचा हिशेब निघाला. दरवर्षी चौघींची मिळून चार वर्षं वाढतात, म्हणजे हाच संघ टिकला तर 280 ला पोचायला दहा वर्षं लागणार. मेडले रिलेत, जिथे चौघी चार वेगळ्या प्रकारांनी पोहतात, आमची 66 ची ताई बटरफ्लाय करते, ब्रेस्टस्ट्रोकच्या किकने का होईना. तिने वरच्या बर्थवरून खाली वाकून सांगितलं, "तेव्हा मी 76 ची असेन. मला फ्रीस्टाइल द्या, बटरफ्लायला नवी पोरगी शोधा. पन्नास-पंचावन्नची चालेल, पण मग बेरीज पुन्हा मांडा."