मतपत्रिकेवर नाव नसताना: अलास्कातल्या मर्कोव्स्कींची निवडणूक

अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की २०१० मध्ये एकाच जागेसाठी हरल्या आणि जिंकल्याही. राज्य तेच, प्रतिस्पर्धी तोच, मधे जेमतेम दहा आठवडे. बदललं ते एवढंच की पहिल्या वेळी ठरावीक मतदार आले होते आणि दुसऱ्या वेळी सगळं राज्य. विद्यमान सिनेटरची लोकप्रियता कुठे अडकते आणि कशी सोडवता येते हे समजून घ्यायचं असेल, तर माझ्या मते इतकं चांगलं उदाहरण अमेरिकेच्या अलीकडच्या राजकारणात दुसरं नाही.

आधी हार. २४ ऑगस्ट २०१० ची रिपब्लिकन प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारांनीच ठरवायची आधीची निवडणूक. त्या वेळच्या नियमाप्रमाणे ही मतपत्रिका रिपब्लिकन म्हणून नोंदलेल्या आणि कुठल्याच पक्षाची नोंद न केलेल्या मतदारांना मिळायची; डेमोक्रॅट म्हणून नोंद असेल तर नाही. समोर फेअरबँक्सचे वकील जो मिलर होते. त्यांच्यामागे राज्याच्या माजी गव्हर्नर सारा पेलिन आणि ‘टी पार्टी’ या परंपरावादी चळवळीतल्या टी पार्टी एक्स्प्रेस या गटाचा पैसा होता. शिवाय त्याच दिवशी अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताआधी पालकांना कळवण्याच्या प्रस्तावावरही राज्यभर मतदान होतं, त्यामुळे परंपरावादी मतदार हिरिरीने बाहेर पडला. मर्कोव्स्कींनी मिलर यांना फारसं मनावर घेतलं नव्हतं. निकाल: मिलर ५५,८७८, मर्कोव्स्की ५३,८७२. फरक २,००६ मतांचा. नोव्हेंबरमध्ये याच जागेसाठी अडीच लाखांवर मतं पडली. म्हणजे प्रायमरीत बोलला तो निम्म्याहून लहान अलास्का.

३१ ऑगस्टला त्यांनी हार मान्य केली. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर अपक्ष म्हणून छापील नाव येण्याची मुदत उलटून गेली होती. लिबर्टेरियन या छोट्या पक्षाच्या तिकिटाची चाचपणी झाली, पण पक्षाच्या कार्यकारिणीने दार उघडलं नाही. उरला एकच रस्ता: राइट-इन. मतपत्रिकेवर छापील नावांखाली एक रिकामी ओळ असते, तिथे मतदाराने स्वतःच्या हाताने नाव लिहायचं. अलास्कात अशा उमेदवारीचं घोषणापत्र मतदानाच्या पाच दिवस आधीपर्यंत दाखल करता येतं. १७ सप्टेंबरला मर्कोव्स्कींनी आपण उभ्या असल्याचं जाहीर केलं. हातात ४६ दिवस होते. या वाटेने याआधी सिनेटवर निवडून गेलेलं नाव म्हणजे दक्षिण कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड, १९५४ मधले.

या मोहिमेत प्रत्येक मतदाराकडून दोन कामं करून घ्यायची होती, आणि दोन्ही न चुकता. रिकाम्या ओळीशेजारचा लंबगोल काळा करणं हे पहिलं आणि नाव लिहिणं हे दुसरं. यातलं महत्त्वाचं पहिलंच. स्कॅनरला अक्षरं वाचता येत नाहीत, त्याला फक्त भरलेला लंबगोल दिसतो. नाव सुवाच्य लिहिलं आणि लंबगोल कोरा ठेवला, तर त्या पदापुरतं मत पडलेलंच नाही असं यंत्र धरतं, आणि राज्याच्या कायद्यातही लंबगोल भरलेला असणं ही स्पष्ट अट आहे. म्हणूनच प्रचाराच्या घोषणेत ‘भरा’ आधी आणि ‘लिहा’ नंतर होतं. ही क्रमवारी विचारपूर्वक ठरवलेली होती आणि तिच्यामुळे हजारो मतं वाचली असणार असं मला वाटतं.

दुसरं काम नाव लिहिण्याचं. एम-यू-आर-के-ओ-डब्ल्यू-एस-के-आय. पोलिश वळणाचं, नऊ अक्षरी आडनाव. कायदा म्हणत होता की उमेदवाराचं घोषणापत्रातलं नाव किंवा नुसतं आडनाव लिहिलेलं असावं. म्हणजे ‘मर्कोव्स्की’ एवढं पुरे, पण ‘लिसा एम.’ धोक्याचं, आणि नुसतं ‘लिसा’ तर कायद्याच्या शब्दांत बसतच नाही. मोहिमेने या आडनावाची शिकवणीच लावली. शाळेतल्या स्पेलिंग स्पर्धेच्या धर्तीवर टीव्हीवर जाहिरात केली, नाव आणि भरलेला लंबगोल छापलेले रबरी मनगटपट्टे वाटले. मतदान केंद्रापासून २०० फुटांच्या आत प्रचाराला बंदी असते. दारात उभं राहून कुणाला स्पेलिंग सांगता येत नाही. जे शिकवायचं ते घरून निघण्यापूर्वी मतदाराच्या डोक्यात बसलेलं हवं.

इथे नाव जुनं असण्याचा फायदा होता. वडील फ्रँक मर्कोव्स्की बावीस वर्षं सिनेटर होते. गव्हर्नर झाल्यावर २००२ च्या डिसेंबरात त्यांनी स्वतःच्या रिकाम्या जागेवर मुलीची नेमणूक केली, आणि त्यावरून झालेली टीका रास्तच होती. पण तीन दशकं पोस्टरवर पाहिलेलं आडनाव लिहिता येणं ही राइट-इनमध्ये प्रत्यक्ष मतांची गोष्ट असते. दुसरा आधार मूळनिवासी समाजाचा. अलास्का महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठं, लोकसंख्या त्या वेळी सुमारे सात लाख, आणि असंख्य गावांना रस्ताच जात नाही. जायचं ते विमानाने किंवा होडीने. अशा ठिकाणी बाहेरचा प्रचारक दोन दिवसांत काही शिकवू शकत नाही. मूळनिवासींच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी निधी उभा केला, अलास्का फेडरेशन ऑफ नेटिव्ह्ज या त्यांच्या राज्यव्यापी संघटनेने ऑक्टोबरच्या अधिवेशनात पाठिंबा जाहीर केला, आणि नाव कसं लिहायचं ते गावातल्याच माणसांनी गावाला सांगितलं. तिसरा उमेदवार, सिटकाचे महापौर स्कॉट मॅकॅडम्स, डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. त्यांची काही मतंही मिलर नकोत म्हणून मर्कोव्स्कींकडे सरकली.

मधेच एक वाद पेटला. निवडणूक विभागाने मदत मागणाऱ्या मतदारांसाठी केंद्रांवर राइट-इन उमेदवारांची यादी ठेवली. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक, दोन्ही पक्ष कोर्टात गेले: ही सरकारी खर्चाने मदत झाली. खालच्या कोर्टाने यादी थांबवली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा चालू ठेवायला परवानगी दिली. यादीचा उपयोगच होऊ नये म्हणून शेवटच्या मुदतीआधी लोकांनी धडाधड अर्ज भरले आणि राइट-इन उमेदवारांची संख्या दीडशेच्या वर गेली. कायद्याने वैध, पण मतदाराला गोंधळात टाकण्यासाठीच केलेला हा उद्योग मला अजिबात पटत नाही.

२ नोव्हेंबरच्या रात्री एवढंच कळलं की ‘राइट-इन’ या एकत्रित आकड्याला सर्वांत जास्त मतं आहेत. त्यात मर्कोव्स्की किती, हे यंत्र सांगू शकत नव्हतं. १० नोव्हेंबरपासून राजधानी जुनोमध्ये एकेक मतपत्रिका हाताने पाहायला सुरुवात झाली. टेबलावर मोजणारे कर्मचारी, बाजूला दोन्ही बाजूंचे निरीक्षक. नाव अचूक असेल तर पत्रिका एका खोक्यात. हरकत आली तर निवडणूक विभागाच्या संचालक गेल फेनुमियाई स्वतः बघून ती मर्कोव्स्कींना मोजायची की नाही ते ठरवायच्या आणि दोन्ही प्रकार वेगवेगळे ठेवले जायचे. मिलर यांच्या निरीक्षकांनी एखादं अक्षर सुटलेलं, अक्षर कळेनासं झालेलं, आडनाव आधी लिहिलेलं, नावापुढे पक्ष लिहिलेला, अशा हरेक कारणावर बोट ठेवलं. हरकत असूनही मोजलेल्या पत्रिका ८,१५९ झाल्या.

हे वेगवेगळं ठेवणं फार शहाणपणाचं होतं. कोर्टाने उद्या सगळ्या हरकती मान्य केल्या तरी काय होईल, हे वजाबाकीने लगेच दिसत होतं. अंतिम आकडे: मर्कोव्स्की १,०१,०९१, मिलर ९०,८३९, मॅकॅडम्स ६०,०४५. वादातल्या सगळ्या पत्रिका काढून टाकल्या तरी मर्कोव्स्की सुमारे २,००० मतांनी पुढेच राहत होत्या. मिलर यांचा युक्तिवाद होता की कायद्यात ‘घोषणापत्रात आहे तसं नाव’ म्हटलंय, तर अक्षर न अक्षर तसंच हवं. २२ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर स्पेलिंगच्या चुकीने मत बाद होत नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो. स्पेलिंग बिनचूक असण्याची सक्ती झाली असती तर तिचा पहिला फटका वयस्कर, कमी शिकलेल्या आणि घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मतदारांना बसला असता. ३० डिसेंबरला निकाल प्रमाणित झाला.

अमेरिकेत मतदार असलेल्या मराठी वाचकांनी एक लक्षात ठेवावं: राइट-इनचे नियम राज्यागणिक बदलतात. हवाईमध्ये ही सोयच नाही, आणि १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी वैध ठरवली. लुईझियानातही नाही. बऱ्याच राज्यांत आधी नोंदणी केलेल्या राइट-इन उमेदवाराचीच मतं मोजतात. दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलं तर ते मत वाया.

पुढे अलास्काने रस्ताच बदलला. २०२० च्या जनमतात मतदारांनी पक्षनिहाय प्रायमरी बंद केली. आता सगळे उमेदवार एकाच प्रायमरीत असतात, पहिले चार पुढे जातात आणि नोव्हेंबरमध्ये पसंतीक्रमाने मतदान होतं. विधान परिषदेच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात मतदान केलेल्यांना ही पद्धत लगेच कळेल: सर्वांत मागचा बाद, त्याची मतं पुढच्या पसंतीला. आपल्याकडे निवडणूक आयोगाच्या जांभळ्या स्केच पेनने आकडा लिहावा लागतो, ‘एक’ असं अक्षरी लिहिलं तर मत बाद. अलास्कात उमेदवारासमोर पहिली, दुसरी, तिसरी अशा रकान्यांतला लंबगोल भरायचा. एकाच पसंतीच्या रकान्यात दोघांना खूण केली तर पत्रिका तिथेच थांबते. एक पसंती रिकामी सोडली तर मोजणी पुढच्या पसंतीवर जाते, पण सलग दोन सोडल्या तर त्यापुढचं काही धरत नाहीत.

२०२१ मध्ये ट्रम्प यांच्या महाभियोगात दोषी ठरवण्याच्या बाजूने मत दिल्यावर राज्यातल्या रिपब्लिकन पक्षाने मर्कोव्स्कींच्या निषेधाचा ठराव केला आणि केली चिबाका यांना पाठिंबा दिला. जुनी प्रायमरी असती तर २०१० चीच पुनरावृत्ती व्हायची दाट शक्यता होती. नव्या पद्धतीत २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्या पसंतीला मर्कोव्स्की ४३.४ टक्के आणि चिबाका ४२.६, म्हणजे जवळजवळ बरोबरी. निकाल लावला तो डेमोक्रॅट पॅट चेस्ब्रो यांच्या मतदारांनी: त्यांची पुढची पसंती सुमारे २०,००० पत्रिकांवर मर्कोव्स्की होती आणि सुमारे २,००० वर चिबाका. शेवटचा आकडा १,३६,३३० विरुद्ध १,१७,५३४. आपल्याला पहिली पसंती न देणाऱ्यांकडेही मत मागायला जाणं इथे उमेदवाराचं रोजचं काम होतं, आणि मर्कोव्स्की ते २०१० च्या त्या ४६ दिवसांपासून करत आल्या होत्या.

२०२४ मध्ये ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. फेरमोजणीनंतरही पद्धत टिकली, पण हजाराहून कमी मतांनी. मर्कोव्स्कींची जागा पुन्हा निवडणुकीला येईल ती २०२८ मध्ये.