चौथ्या मजल्यावरच्या नळाला रॉकेलचा वास

२८ जुलै २००५, गुरुवार. मुंबईतल्या २६ जुलैच्या पुराला दोन दिवस झालेले. कुर्ला पश्चिमेला मिठी नदीच्या जवळची तळमजला अधिक चार मजल्यांची सोसायटी. आम्ही दोन वायरमन आणि एक हेल्पर. काम एका ओळीचं सांगितलं होतं: पंप चालू करून द्या. कंपनीनं वीज अजून सोडली नव्हती, तरी सेक्रेटरी मागे लागलेले, ‘भाऊ, जनरेटरवर अर्धा तास तरी चालवा, वरची टाकी तळाला गेलीय.’ तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या काकू कळशी घेऊन खाली आल्या. पाण्याला रॉकेलचा वास येत होता.

पुराचं पाणी गच्चीवर गेलं कसं? उत्तर पंपाच्या चौथऱ्यापाशी होतं. जमिनीखालच्या टाकीचं झाकण अंगणातल्या फरशीच्या पातळीला, मोटर मात्र फूटभर उंच चौथऱ्यावर. म्हणजे अंगणात वीतभर पाणी झालं की टाकी गढूळ, पण मोटर कोरडीच. त्यात टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर पंप चालू-बंद करणारा फ्लोट स्विच ऑटोवर ठेवलेला. वरची टाकी कमी झाल्याबरोबर पंप आपोआप सुरू झाला, आणि मोटर बुडेपर्यंत किंवा वीज जाईपर्यंत नाल्याचं पाणी इमानदारीत वर चढवत राहिला. म्हणून पुढे आम्ही सगळ्या सोसायट्यांना एकच सांगायचो: अंगणात पाणी दिसलं की आधी ऑटो बंद, गाड्या हलवायचं मग बघा.

त्या मंगळवारी, २६ जुलैला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला शंभरच्याही आत. शहराचे जुने नाले ताशी २५ मिलिमीटरच्या हिशोबाने बांधलेले. दुपारी २ वाजून ५० मिनिटांनी ४.४८ मीटरची भरती, त्यामुळे माहीमच्या खाडीकडे पाणी उतरायला वावच नव्हता. वरून विहार आणि पवई तलाव ओसंडून मिठीत येत होते, आणि विमानतळापाशी नदी काटकोनात वळवलेली. कुर्ल्याच्या काठावर भंगाराचे आणि ड्रम धुण्याचे धंदे, म्हणून पुरात तेलही होतं. जिन्याखाली भिंतीवर त्याची काळी रेघ उमटली होती, जमिनीपासून सव्वाचार फूट. मीटरची पेटी तीन फुटांवर.

पंप राहिला बाजूला. पहिल्यांदा वर जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद केला. मग खालच्या टाकीचं झाकण उघडलं, आणि इथे माणूस हमखास फसतो. दोन दिवसांत गाळ तळाशी बसलेला, वरचं पाणी नितळ. बादलीला दोरी बांधून तळ ढवळला तेव्हा चार बोटं चिखल वर आला.

टाकी एका दमात उपसायची नाही. भोवतालची जमीन पाण्याने फुगलेली असते, आतला भार गेला की बाहेरचा दाब टाकीच्या भिंतीला तडे देतो, कधी टाकीच उचलतो. म्हणून निम्मी रिकामी करून थांबायचं, आजूबाजूचं पाणी उतरू द्यायचं. पेट्रोलचा पंप टाकीत किंवा जिन्याखाली ठेवायचा नाही, त्याच्या धुराने माणूस जातो. पंप बाहेर, आत फक्त नळी. झाकण काही तास उघडं ठेवायचं, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर दोघं जण. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्यावं.

गाळ काढून भिंती ब्रशने घासल्या, आधी साबणाने, कारण तेलावर ब्लिचिंगचा इलाज चालत नाही. मग १०,००० लिटरचा टँकर आणि दीड किलो ताजी ब्लिचिंग पावडर. पावडर थेट टाकायची नाही: बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी ओतायची. तेच पाणी वरच्या टाकीत आणि प्रत्येक नळापर्यंत खेळवून रात्रभर ठेवायचं, सकाळी सगळं सोडून द्यायचं. महाग टँकर गटारात जाताना बघवत नाही, पण ते पाणी पिण्याजोगं नसतं. उघड्या पोत्यातली पावडर घेऊ नये, तिच्यातला क्लोरीन केव्हाच उडालेला असतो.

विजेचं काम त्याहून संथ. मीटरचं सील कंपनीचं, त्याला आपण हात लावायचा नाही. कटआउट, म्हणजे मीटरजवळचे फ्यूज, त्यांच्याकडून काढून घेतले आणि पुढचं उघडलं. बुडालेले एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारे स्विच, सरळ फेकले. धुऊन वाळवले तर चालू-बंद होतात, पण गरज पडेल तेव्हा ट्रिप होतीलच याचा भरवसा नाही. कन्ड्युटच्या, म्हणजे तारांच्या नळीच्या, खालच्या बेंडमध्ये पाणी साचून राहतं, म्हणून तारा ओढून काढल्या.

तीन एचपीची मोटर खोलली. बेअरिंगमधलं ग्रीस दह्यासारखं पांढरं झालेलं, बेअरिंग बदलले. वाइंडिंग, म्हणजे आतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं, गोड्या पाण्याने धुतलं, नाहीतर भरतीच्या पाण्यातलं मीठ तांबं खात राहतं. तारेवरचं आवरण वीज किती अडवतं ते मोजणारा मेगर लावला, शून्य. वाळवायला आत शंभर वॉटचे दोन बल्ब, वर गोणपाट. तापायला लागल्यावर रीडिंग काही काळ सुधारत नाही, उलट घसरतं, कारण आतली ओल बाहेर यायला लागते. अधीर माणूस इथेच मोटर रिवाइंडिंगला पाठवतो आणि फुकट पैसे घालवतो. आम्ही दर दोन तासांनी मेगर लावत होतो. ५०० व्होल्टला एक मेगओम ही किमान हद्द, दोनच्या वर गेल्याशिवाय आम्ही जोडणार नव्हतो. तिसऱ्या दिवशी चार आला.

तोवर नवं स्टार्टर पाच फुटांवर बसवलं होतं आणि टाकीच्या तोंडाला अडीच फुटांची वीटबांधणी चढत होती. सेक्रेटरींनी जिन्याखाली रंगारी बोलावला. त्याला म्हटलं, सगळं रंगव, ही तेलाची रेघ तेवढी सोड. मीटरची पेटी कुठे चढवायची ते कंपनीच्या माणसाला दाखवायचं आहे.