बुलेटचा तिसरा गियर आणि "सगळं सगळ्याला लागतं"

आप्पांची बुलेट ३५० आहे, १९७६ची, उजव्या पायात गियर आणि डाव्या पायात ब्रेक. आप्पा गेल्यावर दोन वर्षं ती लालबागला आमच्या बिल्डिंगखाली ताडपत्री पांघरून उभी होती, मग गेल्या पावसाळ्यानंतर मी ती परत चालू केली आणि तेव्हापासून एकच दुखणं मागे लागलं, तिसऱ्यात लोड आला की गियर सुटायचा. करी रोडचा ब्रिज चढताना अर्ध्यावर खट्ट, इंजिन नुसतंच ओरडतंय आणि मागे बेस्टची बस हॉर्न मारतेय. चौथ्यात मात्र कधीच नाही सुटला.

चौथ्यात का नाही, हे परळच्या काकांनी समजावलं (मिस्त्री आहेत, आप्पांच्या वेळेपासून तेच गाडी बघतात). या गियरबॉक्समध्ये चौथा म्हणजे डायरेक्ट, मेन शाफ्ट सरळ स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दात्यांच्या चाकाच्या) गियरलाच लॉक होतो, खालच्या लेशाफ्टवरचे (मेन शाफ्टला समांतर दुसऱ्या शाफ्टवरचे) गियर तेव्हा नुसते फिरत असतात, त्यांच्यावर भार नसतो. पहिल्या तीन गियरांत मात्र ताकद मेन शाफ्टवरून खाली लेशाफ्टवर जाते आणि तिथून परत वर येते. म्हणजे माझा प्रॉब्लेम नक्की त्या वाटेवरच होता. बॉक्स खोलला तर तिसऱ्याच्या डॉगचे (गियर एकमेकांत अडकवणाऱ्या बाजूच्या दातांचे) कोपरे झिजून गोल झालेले, गोल झाले की ते एकमेकांना धरून ठेवायच्या ऐवजी बाहेर ढकलतात, मग गियर सुटणारच.

आता पार्ट. बुलेटवाल्यांत लहानपणापासून एकच ऐकत आलोय, "बुलेटचं काय, सगळं सगळ्याला लागतं," म्हणजे कुठल्याही सालच्या बुलेटचा पार्ट कुठल्याही बुलेटला बसतो. आणि त्यात तथ्य आहेच. हा चार गियरचा बॉक्स मुळात बर्मिंगहॅमच्या अल्बियन कंपनीचा, ते लोक इंग्लंडमधल्या कितीतरी छोट्या मोटरसायकलींना गियरबॉक्स पुरवायचे. १९५५मध्ये मद्रासला बुलेट बनायला लागली तेव्हा तोच बॉक्स सोबत आला. तिकडे इंग्लंडमधला रॉयल एनफिल्डचा रेडिचचा कारखाना १९६७मध्ये बंद झाला, पण आपल्याकडे तो बॉक्स थेट २०००च्या पुढेपर्यंत चालू राहिला. इतकी वर्षं एकच डिझाइन, त्यामुळे बाहेरून बघाल तर आजोबांचा बॉक्स आणि नातवाचा बॉक्स सारखाच दिसतो. आणि इथेच माणूस फसतो, मीही फसलो.

शुक्रवारी पहाटे चोर बाजारात गेलो, मटण स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत एकाकडे बुलेटच्या गियरांचा ढीग असतो. माझा झिजलेला गियर पिशवीतून काढून दाखवला, त्याने दोन मिनिटांत जोडीदार शोधून दिला. मी स्प्लाइन (गियर शाफ्टवर बसवायच्या आतल्या खाचा) बघितले, अगदी लोण्यासारखे बसत होते, डॉग कोरे करकरीत, तीनशे रुपये दिले आणि खूश होऊन परळला आलो. काकांनी तो हातात घेतला आणि पहिली गोष्ट काय केली तर खडूने एका दात्यावर खूण करून दाते मोजले. माझ्या जुन्यापेक्षा एक दाता जास्त.

एका दात्याने काय होतंय असं मला वाटलं. पण दोन शाफ्टमधलं अंतर केसिंगमध्ये ठरलेलं असतं, ते हलत नाही, म्हणून वरच्या आणि खालच्या गियरच्या दात्यांची बेरीज ठरलेली असते. वर एक वाढला तर खाली एक कमी पाहिजे. तो माझा "नवा" गियर दुसऱ्याच कुठल्यातरी रेशोच्या सेटमधला होता, स्प्लाइन तेच, जाडी तीच, पण शाफ्टवर चढवून दुसरा शाफ्ट लावला तर बॉक्स हाताने फिरेचना. जोर लावून फिरवला असता तर केसिंगच फुटलं असतं. काका म्हणाले, "अरे बाळा, गियर कधी एकटा आणायचा नाही, जोडीने आणायचा, एकाच गाडीतून उतरलेली जोडी." पुढच्या शुक्रवारी परत गेलो, यावेळी खडू आणि व्हर्नियर घेऊन, आणि जोडी मिळायला अजून तीन शुक्रवार लागले.

गियर झाले, मग कव्हर. कव्हरचे दोन बोल्ट हरवलेले, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून ६ एमएमचे घेतले, अगदी छान गेले आत. सावकाश टाइट केला तर थोडा वेळ पकडला आणि मग नुसताच फिरायला लागला, अ‍ॅल्युमिनियमचे आटे बोल्टाबरोबर बाहेर. ही गोष्ट सगळ्यांना सांगावीशी वाटते कारण हे फार लोकांकडून होतं. जुन्या बुलेटवर इंचाचे आटे, पाव इंचाच्या बोल्टला एका इंचात २६ आटे म्हणजे एका आट्याला साधारण ०.९८ एमएम. ६ एमएमच्या बोल्टला आटा १ एमएमचा. इतकं जवळ असल्यामुळे तो फिरत फिरत आत जातो, आपल्याला वाटतं बसला, पण पाव इंच म्हणजे ६.३५ एमएम, बोल्ट आधीच बारीक, आट्यांची पकड फक्त टोकाला, जोर आला की आटे गेले. शेवटी लेथवाल्याकडून भोक मोठं करून बुश घालून घेतला. पान्याचंही तेच, आप्पांच्या टूल किटमधला पाव इंच व्हिटवर्थचा (जुन्या इंग्लिश मापाचा) पाना ज्या बोल्टला बसतो तिथे १३चा जात नाही आणि १४चा घसरतो, मग लोक १४चाच लावून डोकं गोल करतात आणि पुढच्या माणसाला छिन्नी मारावी लागते. त्यात नंतरच्या गाड्यांवर मेट्रिक बोल्टही यायला लागले, एकाच गाडीवर दोन्ही, कारण चाळीस वर्षांत कोणी काय लावलंय देव जाणे. म्हणून आता मी पिच गेज (आटे मोजायच्या पट्ट्या) खिशात ठेवतो.

बरेच जण मला म्हणाले, कशाला एवढा त्रास, डावीकडच्या गियरचा पाच स्पीड बॉक्स टाक. तो २०००नंतर आला, आणि कंपनीने तो जुन्याच इंजिनाच्या मागे बसेल असा केला ही खरंच मोठी गोष्ट आहे, पण बॉक्स बसला म्हणून गाडी झाली असं नाही, प्रायमरीचं (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचं) कव्हर, फूटरेस्ट, ब्रेकचं पेडल आणि त्याचं लिंकेज सगळं बदलायला लागतं. त्यानंतर २००८-०९च्या सुमारास आलेल्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात तर गियर इंजिनाच्याच केसिंगमध्ये गेले, तिथे जुन्याशी देवाणघेवाण संपलीच.

आणि मुळात मला तो उजवा पाय सोडायचा नाहीये. पहिला वर, बाकीचे तीन खाली, मधे मधे खोटे न्यूट्रल (दोन गियरांच्या मधे कुठलाच गियर लागत नाही ती जागा). टाचेखाली ती न्यूट्रल फाइंडरची छोटी पट्टी, क्लच दाबून टाच मारली की दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यातून सरळ न्यूट्रल, पहिल्यातून मात्र नाही. भारतमाताच्या सिग्नलला आप्पा कायम टाचेनेच गाडी न्यूट्रल करायचे, मागे बसून मला तो ठक् आवाज ऐकू यायचा. माझ्या मामाची येझदी होती, तिचा गियरचा दांडाच उलटा फिरवून किक मारायची आणि गियर टाकताना क्लच आपोआप सुटायचा, तेही डोकं भारीच होतं, पण हातापायाला सवय या बुलेटचीच.

बॉक्स बसवतानाच पुढचं स्प्रॉकेटही बघून घेतलं, कारण ते क्लचच्या मागे असतं, एकदा बंद केलं की फक्त तेवढ्यासाठी परत सगळं उतरवा. माझं १६ दात्यांचं, काकांनी १७चं लावू का विचारलं. सहा टक्क्यांनी गाडी लांब पडली असती (इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत जास्त पळाली असती, पण ओढ कमी), हायवेला बरं, पण आमचा रोजचा रस्ता लालबाग ते दादर, मी १६चंच ठेवलं.

रविवारी सकाळी करी रोडचा ब्रिज तिसऱ्यात चढलो, दोनदा. सुटला नाही. झिजलेली जुनी जोडी आणि तो एक दाता जास्त असलेला गियर आप्पांच्या पार्लेच्या डब्यात ठेवलाय, प्रत्येकाला सुतळीने चिठ्ठी बांधून, दाते किती आणि कुठून आणला ते लिहून.