दुपारी तीनची बोंब

मे महिन्यात जळगावात दुपारी एक ते पाच कोणी कोणाच्या दारात जात नाही. गेलंच, तर घरातल्यांच्या पोटात आधी गोळा येतो. त्यातून रविवार. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी खाऊन कूलरसमोर आडवा झालो होतो, वाळ्याचा ओला वास नाकाशी होता, डोळा लागतो न लागतो तोच खाली एक गाडी बोंबलायला लागली.

‘कोणाची आहे रे ही,’ असं मनातल्या मनात चार शब्द वापरून झाल्यावर लक्षात आलं की आपलीच आहे.

रिमोट घेऊन गॅलरीत आलो, बटण दाबलं, गाडी टुक करून गप्प झाली. पाठ टेकली. पुन्हा सुरू. पुन्हा गॅलरी. तिसऱ्यांदा चप्पल घालून खाली उतरलो. गाडी निंबाखाली शहाण्यासारखी उभी. टपावर मांजर नाही, आजूबाजूला पोरं नाहीत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दाराला हात लावला तर चटका बसला. पण लावल्याशिवाय मला राहवत नाही. ही आमची घराण्याची खोड. वडील कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे, तिसऱ्यांदा तर जवळजवळ लोंबकळायचे, आणि एसटी स्टँडवर पोचल्यावर आईला विचारायचे, ‘लावलं होतं ना गं?’ रिमोटवर दार बंद होण्यावर माझाही विश्वास नाही. टुक वाजलं, दिवे लुकलुकले, तरी मी परत जाऊन हँडल ओढतो.

मग आठवडाभर रोज, साधारण तीनच्या सुमारास, हेच. कॉलनीत प्रत्येकाकडे औषध होतं आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्याचं सगळ्यात जालीम. निंबोळ्या पडत असतील, म्हणून गाडी उन्हात हलवली. उन्हात तापत असेल, म्हणून परत निंबाखाली आणली. रिमोटचा सेल उतरला असेल, म्हणून २०३२ नंबरची चपटी गोळी बदलली. ती बदलताना रिमोटचं झाकण तुटलं, ते आता चिकटपट्टीवर आहे. उंदरांनी वायर कुरतडली असेल, म्हणून बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या. गाडीत बसलं की आजीच्या ट्रंकेत बसल्यासारखं वाटायचं. वरच्या मजल्यावरचे काका कायद्याचे. ते गॅलरीतूनच म्हणाले, ‘२००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५.’ मी म्हटलं, ‘काका, आमच्याकडे ४५ म्हटलं की उन्हाचंच आठवतं.’ ते हसले नाहीत.

खरं सांगायचं तर मला वाजण्याचा त्रास तितकासा नव्हता. आठ दिवसांत एकानेही ‘काय झालं?’ असं विचारलं नाही, ते मात्र खटकलं. ‘बंद कर’ सगळे म्हणाले.

अमळनेरकडे, बोरीच्या काठाला, आमच्या आजोळच्या शेतात दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरलेली असायची. नाताळच्या सुट्टीत आम्ही तिथे. दिवसा पाखरं आणि रात्री रानडुकरं, म्हणून आबा मचाणावर झोपायचे आणि हट्ट करून मीही. मचाणापासून शेताच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत एक दोरी, तिला तेलाचे रिकामे डबे टांगलेले, डब्यांत खडे. दोरी ओढली की वावरभर खणखणाट. आता थंडीत गोधडीतून हात कोण बाहेर काढणार? म्हणून आबांनी दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधलेलं. झोपेत डुकरांची चाहूल लागली की पाय झाडायचा. व्यवस्था उत्तम होती. पण माणूस म्हटलं की कूस बदलणारच. आबा वळले की सगळे डबे वाजायचे, बांधावरचा कुत्रा उठायचा, मी दचकून त्यांच्या पाठीला चिकटायचो, आणि शेजारच्या वावरातून अंधारातून आवाज यायचा,

‘काय व्हयनं भोऽ?’

‘काही नही भो, कूस बदली!’

मग पलीकडे कोणीतरी हसायचं, खोकायचं, आणि पुन्हा सगळं गप्प. रात्रीतून दोन-तीनदा तरी हा संवाद. एकदाही पलीकडून कोणी ‘डबे काढून टाक’ म्हटल्याचं आठवत नाही. चिमण्या मात्र हुशार. त्या डब्यांना आठ दिवसांत सरावायच्या आणि दोरीवरच बसायच्या. मग आबा डब्यांच्या जागा बदलायचे, की चार दिवस पुन्हा धाक.

तर गाडी. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. पोरगं विशीतलं, बोलायला मोजकं. त्याने आधी बॅटरीला मीटर लावला, १२.६ व्होल्ट. ‘बॅटरी टकाटक आहे. ती उतरली असती ना, तरी गाडी अशीच बोंबलते.’ डॅशबोर्डखाली हात घालून धक्का कळणारी काळी डबी चाचपली. ‘ही दुकानवाले फुल करून देता. ट्रक गेला तरी वाजते.’ पेचकसाने ती थोडी उतरवली. आणि मग बॉनेटच्या कडेला, जिथे माझं आयुष्यात कधी लक्ष गेलं नव्हतं, तिथलं करंगळीच्या पेराएवढं एक बटण त्याने अंगठ्याने दाबलं. गेलं खाली, पण वर येईना. दोन सेकंदांनी आळस दिल्यासारखं आलं.

‘हे चिकटू राह्यलं भाऊ. बॉनेट लागलं की हे दबतं, गाडीला कळतं बंद आहे. हे केसभर हललं की तिला वाटतं कोणीतरी बॉनेट उघडलं.’

‘पण दुपारी तीनलाच का?’

‘पत्रा तापतो ना. जरा फुगत असंल.’ हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मला पटलं. पेट्रोलचा बोळा फिरवला, बटण दोन आटे वर घेतलं, दोनशे रुपये घेतले आणि जाताना डांबराच्या गोळ्या काढून टाकायला सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मला आपसूक जाग आली. कान देऊन पडलो. कूलरचं पाणी ठिबकत होतं, बाकी काही नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी उठलो, चप्पल घातली, त्या उन्हात खाली गेलो आणि हँडल ओढलं. तीनदा.

वरून काका वाकले. ‘काय झालं? आज तर वाजली नाही.’

‘काही नाही,’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘कूस बदलली.’

‘कोणी?’ काकांनी विचारलं.