हिरवा खडू लवकर संपतो

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो आठवीच्या वर्गातला एक तक्ता. आमच्या धर्मशिक्षणाच्या बाईंनी जाड पुठ्ठ्यावर मोठे वर्तुळ काढून त्याचे बावन्न भाग केले होते. एकेक भाग म्हणजे एकेक आठवडा. रंगीत खडूंची पेटी पुढे ठेवून त्यांनी आम्हाला ख्रिस्ती उपासनावर्ष, म्हणजे चर्चमधल्या सणांचे आणि उपासनेचे वर्षभराचे चक्र, रंगवायला सांगितले, तेही रोमन परंपरेतल्या रंगांनी: जांभळा, पांढरा, लाल आणि हिरवा.

मी उत्साहाने जानेवारीपासून सुरुवात केली आणि मला पहिलेच घर खोडावे लागले. हे वर्ष नाताळच्या आधीच्या आगमनकाळाने सुरू होते, म्हणजे 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर या दिवसांत जो रविवार येईल त्या रविवारी. तो धरून चार रविवार नुसती वाट पाहायची. सुरुवातीच्या वाचनांत गोठा नाही आणि बाळही नाही. ख्रिस्ताच्या पुनरागमनाविषयीचे इशारे आहेत आणि अरण्यात ओरडून सांगणारा बाप्तिस्मा देणारा योहान आहे. जांभळ्या रंगात तिसऱ्या आठवड्याला मात्र गुलाबी छटा चालते, कारण त्या रविवारची उपासना ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ या प्रेषित पौलाच्या शब्दांनी उघडते.

नाताळचा पांढरा रंग भरून होतो न होतो तोच बाईंनी त्यात दोन लाल ठिपके द्यायला लावले. 26 डिसेंबर हा पहिला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणारा, स्तेफन याचा दिवस आणि 28 डिसेंबर हा हेरोद राजाने मारलेल्या निष्पाप बालकांचा. मला ते फार खटकले होते. इतक्या सुंदर सणाच्या अंगाला कोणी रक्ताचे डाग लावते का? आज वाटते, ज्यांनी हे पंचांग रचले त्यांना गोठ्यातल्या बाळाचे नुसते कौतुक करून घरी परतणारा भक्त नको असावा.

वर्गातल्या एकाने त्याच वेळी एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर मी अजून विसरलेलो नाही. येशूच्या जन्माची तारीख पक्की आणि मरणाची फिरती, असे कसे? बाईंनी सांगितले की, जन्माची तारीख शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, कुठेच दिलेली नाही. 25 डिसेंबरची जुनी नोंद सापडते ती रोममधल्या इ.स. 354 च्या एका पंचांगात. मरणाचे मात्र तसे नाही. येशूला क्रूसावर दिले ते वल्हांडण या यहुदी सणाच्या दिवसांत, आणि वल्हांडण पौर्णिमेला बांधलेला असतो. म्हणून नाताळ सूर्याच्या मागे जातो आणि येशूच्या पुनरुत्थानाचा सण ईस्टर चंद्राच्या. 21 मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा त्याचा नियम. ही पौर्णिमाही आकाशात पाहून नव्हे, तर चर्चच्या कोष्टकावरून ठरते. त्यामुळे ईस्टर 22 मार्चच्या आधी येत नाही आणि 25 एप्रिलच्या पुढे जात नाही. 22 मार्चला तो 1818 साली आला होता आणि पुन्हा येईल तो 2285 साली, हे ऐकून आम्ही वहीत आपापली वये मोजू लागलो होतो! पूर्वेकडील बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चेस हेच गणित जुन्या ज्युलियन पंचांगावर करतात, त्यामुळे त्यांचा ईस्टर बहुतेक वर्षी वेगळ्या दिवशी येतो.

ईस्टरची तारीख ठरली की मागचे आणि पुढचे दिवस आपोआप जागेवर येतात. राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, त्याआधी 46 दिवस येतो, तरी उपवास चाळीसच दिवसांचा म्हणतात, कारण मधले सहा रविवार त्यात धरत नाहीत. रविवार हा सगळ्या वार्षिक सणांहून जुना. प्रत्येक रविवार म्हणजे पुनरुत्थानाचीच आठवण, मग त्या दिवशी उपवास कसा करायचा? या काळात हालेलूया हा देवस्तुतीचा जयघोष गात नाहीत. कपाळी लावायची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी हातात धरलेल्या झावळ्या जाळून करतात. येशू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी झावळ्या घेऊन केलेल्या जयजयकाराची ती खूण, आणि त्या जयजयकाराची एका वर्षातच राख होते. बाईंनी त्यावर भाष्य केले नाही, तेही बरेच झाले.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहासाठी तक्त्याखाली सात घरांची वेगळी पट्टी होती. गुरुवारी पांढरा, शुक्रवारी लाल. शनिवारचे घर बाईंनी कोरेच ठेवायला सांगितले. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाची मुख्य उपासना, होत नाही, वेदीवर वस्त्रही नसते, गुरुवारपासून घंटा मुक्या असतात. रात्र पडल्यावर नवा अग्नी पेटवतात आणि त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती लावतात. त्या मेणबत्तीवर क्रूस, अल्फा आणि ओमेगा ही ग्रीक वर्णमालेतली पहिली व शेवटची अक्षरे आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. हीच मेणबत्ती पुढे वर्षभर बाप्तिस्म्याला लावतात आणि अंत्यविधीलाही.

त्यापुढचा पुनरुत्थानकाळ उपवासापेक्षा मोठा आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सात आठवडे पांढरे, आणि पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याच्या सणाचा लाल. सात साते एकोणपन्नास आणि वर एक. बायबलमधल्या लेवीयाच्या पुस्तकातले योबेल वर्षही असेच मोजले आहे: सात वेळा सात वर्षे झाली की पन्नासावे वर्ष पवित्र मानून माणसांना गुलामीतून मोकळे करायचे आणि हरवलेली जमीन त्यांना परत द्यायची. आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवामागे हाच आकडा उभा आहे, हे ही ओळ लिहिताना माझ्या लक्षात आले.

एवढे सगळे रंगवून झाल्यावर आम्ही पाहिले, तर अर्ध्याहून अधिक वर्तुळ कोरेच होते. सामान्यकाळ 33 किंवा 34 आठवड्यांचा असतो आणि त्याचा रंग हिरवा. त्यात मोठे सण अगदी थोडे. मत्तय, मार्क आणि लूक यांपैकी एकेकाचे शुभवर्तमान एकेका वर्षी ओळीने वाचतात, म्हणजे येशूचे चालणे, जेवणे, दाखले सांगणे, आजाऱ्यांना बरे करणे. जन्म आणि मरण यांच्यामधले सारे आयुष्य या हिरव्या घरांत आहे.

आमचा हिरवा खडू मध्येच संपला. शेजारच्या मुलीने निळ्यावर पिवळा घासून उरलेली घरे भरली, त्यामुळे आगमनकाळाच्या आधीचे सात-आठ आठवडे वेगळेच दिसत. तक्ता भिंतीवर लागला आणि दर सोमवारी त्यावरचा कागदी बाण एक घर पुढे सरकवण्याचे काम माझ्याकडे आले. जांभळ्या आणि पांढऱ्या घरांत मी ते न चुकता करीत असे. हिरव्या घरांत मात्र पुष्कळदा विसरत असे; एकदा तर सलग तीन आठवडे बाण जागचा हलला नाही आणि वर्गात कोणाच्या लक्षातही आले नाही.