समितीसाठी झाडून काढलेले रान

आमच्या महाविद्यालयाच्या मागील टेकडीवर अध्यापन आणि संशोधनासाठी राखलेले पानझडी रान आहे. ऐन, मोई, सालई, कुंभा, पळस अशा तेथील झाडांचे घेर आम्ही दरवर्षी मोजतो. उतारावर चढाच्या बाजूने 1.3 मीटर उंची धरायची, तेथे रंगाचा पट्टा ओढायचा आणि क्रमांकाचा बिल्ला त्याच्या बरोबर 20 सेंमी वर ठोकायचा, कारण खिळ्याभोवती साल फुगते आणि मिलिमीटरांचा हिशेब बिघडतो.

मूल्यांकन समिती येण्याच्या आदल्या दिवशी रानात गेलो, तर वाटेकडेची झाडे गेरू-चुन्याने रंगवलेली होती आणि आमचे पट्टे त्याखाली गेले होते. पानगळ मोजण्यासाठी बांधलेल्या नायलॉनच्या जाळ्या कचरा समजून रिकाम्या केल्या होत्या. जी पाने ओव्हनमध्ये वाळवून तोलायची, त्यांची राख कोपऱ्यात धुमसत होती. वाळून उभा असलेला एक ऐन बुंध्याशी कापला होता, आणि तांबट पक्ष्याने कोरलेल्या ढोलीचे गोल, गुळगुळीत तोंड आडव्या ओंडक्यावर जमिनीकडे वळले होते. राबणाऱ्या मामांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "सर, मी ऑफिसात विचारलं होतं. ते म्हणाले, मेलेल्या झाडावर कसलं आलंय संशोधन?"

कवके, भुंगेरे, ढोलीत राहणारे पक्षी आणि लाकडात साठलेला कार्बन हे सगळे मेलेल्या झाडावरचेच संशोधन आहे. पण निसर्गाच्या नावाने निधी मागणाऱ्या कार्यालयाला रान न झाडलेल्या बागेसारखे दिसते, त्याला काय करणार? विद्यार्थी ब्रश घेऊन चुना घासायला निघाले, त्यांना थांबवले. सालईची साल कागदासारखी सुटते. घासली असती तर घेर आमच्याच हाताने घटला असता. खिळ्यापासून 20 सेंमी खाली मोजून पट्ट्याची जागा मिळाली आणि घेरांची मालिका वाचली. पानगळीची त्या पंधरवड्याची नोंद मात्र गेलीच.

समितीने परिसराच्या स्वच्छतेचे कौतुक केले. मला अजून सुटत नाही तो प्रश्न तक्त्याचा आहे. तो ऐन आधीच्या मोजणीत मृत म्हणून नोंदलेला असल्याने मृत्युदर बदलत नाही, पण उभ्या मृत लाकडाचा साठा घटला आहे, आणि ही घट 'नैसर्गिक पडझड' या रकान्यात लिहायला माझा हात धजत नाही. 'तोड' असा रकाना आम्ही ठेवलेलाच नव्हता. राखीव रानात त्याची गरज पडेल, असे कुणाला वाटले नव्हते.