लँग पार्कवर ओरिजिन: 8 जुलैला ब्रिस्बेनला निघालेल्यांसाठी

स्टेट ऑफ ओरिजिन म्हणजे क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या दोन ऑस्ट्रेलियन राज्यांमधली तीन सामन्यांची रग्बी लीग मालिका. तिचा यंदाचा तिसरा सामना 8 जुलै 2026 ला, बुधवारी, ब्रिस्बेनला आहे. त्याआधी 27 मेला सिडनी आणि 17 जूनला मेलबर्नचं एमसीजी. पण रग्बी लीग आवडणाऱ्या माणसाला तिन्हींपैकी एकच सामना पाहता येणार असेल, तर मी ब्रिस्बेनच म्हणेन. पहिला ओरिजिन सामना याच मैदानावर 8 जुलै 1980 ला झाला होता. तारीखसुद्धा तीच!

मी गेल्या वर्षी 28 मेचा सामना पाहायला सिडनीहून गेलो होतो. माझी ऑस्ट्रेलियातली पहिली नोकरी ब्रिस्बेनची, त्यामुळे घर आता न्यू साउथ वेल्सच्या निळ्या सिडनीत असलं तरी जर्सी क्वीन्सलँडची, मरून. आपला संघ हरला, तरी यंदा पुन्हा जाणार आहे. सोबत येणाऱ्या मित्रांनी बरंच काही विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी खेळाबद्दल, कारण आपल्याकडे रग्बी म्हटलं की पंधरा जणांची रग्बी युनियन डोळ्यांसमोर येते. लीगमध्ये तेरा खेळाडू. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात, तेवढ्यात ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) झाला नाही तर चेंडू समोरच्याला. म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुतेक वेळा लांब किक बसते. ट्रायचे 4 गुण, त्यानंतरच्या किकचे 2. कबड्डी पाहत वाढलेल्या माणसाला हा खेळ पटकन कळतो: एक जण अंगावर येतोय, तिघं मिळून त्याची पकड करतायत आणि बाकीची फळी जागा न सोडता उभी आहे. फरक इतकाच की पकड झालेला माणूस बाद होत नाही. तो उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि पुढची चढाई लगेच सुरू होते. मैदानात बसल्यावर चेंडूपेक्षा हे उठणं पाहा. पकडणारे त्याला अर्धा सेकंद जास्त जमिनीवर दाबून ठेवायला धडपडतात, तो सुटायला धडपडतो, आणि या झटापटीवरच पुढची चाल ठरते. टीव्हीवर कॅमेरा तोवर पुढे गेलेला असतो.

आता ओरिजिनच का? 1980 पूर्वी खेळाडू ज्या राज्यातल्या क्लबकडून खेळायचा, त्याच राज्यासाठी उतरायचा. पोकर मशिनच्या पैशावर सिडनीचे क्लब श्रीमंत झाले होते. ते क्वीन्सलँडची चांगली पोरं उचलून न्यायचे आणि तीच पोरं न्यू साउथ वेल्सच्या निळ्या जर्सीत येऊन क्वीन्सलँडला धुवायची. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. मग ठरलं की कमावता कुठे ते सोडा, मोठ्या वयोगटाची फुटी (इथे रग्बी लीगला असंच म्हणतात) पहिल्यांदा जिथे खेळलात त्या राज्याकडून उतरायचं. आर्थर बीटसन हा क्वीन्सलँडच्या रोमा गावचा माणूस. कारकीर्द सिडनीत गेली, न्यू साउथ वेल्सकडून तो खेळला होता, देशाचं कर्णधारपद भूषवणारा पहिला आदिवासी ऑस्ट्रेलियन खेळाडू तोच. 8 जुलै 1980 च्या त्या रात्री वयाच्या 35व्या वर्षी तो पहिल्यांदा मरून जर्सी घालून कर्णधार म्हणून उतरला आणि क्वीन्सलँडने 20-10 असा सामना मारला. गाव सोडून पोटापाण्यासाठी दुसरीकडे गेलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. बीटसन आणि क्वीन्सलँडचा गाजलेला कर्णधार वॉली लुईस यांचे पुतळे मैदानाबाहेर आहेत. दारं उघडताच आत पळू नका, आधी तिथे जाऊन या.

मैदानाचं आजचं नाव सनकॉर्प स्टेडियम, जुनी माणसं अजून लँग पार्कच म्हणतात. क्रिकेटवाल्यांसाठी सूचना: हे गॅबा नव्हे. रहाणेच्या संघाने जानेवारी 2021 मध्ये जिंकलेलं गॅबा नदीच्या पलीकडे वूलूनगॅबात आहे. लँग पार्क शहराच्या पश्चिमेला, मिल्टन आणि पॅडिंग्टनच्या मध्ये. इथे एकोणिसाव्या शतकात शहराचं दफनस्थान होतं. 2003 मध्ये नव्याने उभं राहिलेलं हे मैदान सुमारे 52,500 माणसांचं आहे, आणि आयताकृती असल्यामुळे प्रेक्षक मैदानाच्या अगदी काठावर बसतात. मोठ्या टॅकलचा धप्प आवाज वरपर्यंत ऐकू येतो.

जायचं कसं? विमानतळावरून एअरट्रेनने शहरात वीस-पंचवीस मिनिटांत पोचता येतं. ब्रिस्बेनच्या बस-ट्रेन-फेरीचं भाडं आता फक्त 50 सेंट आहे, पण एअरट्रेन त्यात येत नाही, तिचं तिकीट चांगलंच महाग आहे. तिघं-चौघं असाल तर टॅक्सी परवडते. सामन्याच्या तिकिटावर त्या दिवशीचा सार्वजनिक वाहतुकीचा प्रवास फुकट असतो. गाडी नेण्याचा विचारही करू नका. सामन्याच्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांमध्ये पार्किंगवर कडक वेळमर्यादा असते आणि दंड सणसणीत बसतो.

सर्वात जवळचं स्टेशन मिल्टन. एक्सएक्सएक्सएक्स बिअरचा जुना कारखाना तिथेच आहे. पण माझा सल्ला रोमा स्ट्रीटला उतरण्याचा. तिथून रमतगमत पंधरा मिनिटांत कॅक्स्टन स्ट्रीटला पोचता, आणि ओरिजिनच्या संध्याकाळी कॅक्स्टन स्ट्रीट चुकवली तर अर्धा सामना चुकवला. रस्ताभर मरून जर्सी आणि कोणी ओळखीचं नसताना खांद्यावर पडणारे हात. मधूनच कोणीतरी ‘क्वीन्सलँडर!’ अशी आरोळी ठोकतो आणि अख्खी गल्ली त्याला उत्तर देते. ही आरोळी 1995 मध्ये क्वीन्सलँडचा खेळाडू बिली मूरने मैदानात उतरताना बोगद्यात दिली होती. त्या वर्षी कोणी हिशेबात न धरलेल्या क्वीन्सलँडने 3-0 ने मालिका मारली. लहान मुलं सोबत असतील तर मात्र पाचच्या आत या गल्लीतून फिरून बाहेर पडा. नंतर दारू आणि गर्दी दोन्ही वाढतात.

तिकीट अधिकृत विक्रेत्याकडूनच काढा. तिसऱ्या सामन्यावर मालिका ठरणार असेल तर शेवटच्या आठवड्यात काही हाती लागत नाही. जागा निवडताना लोक खालच्या रांगांसाठी भांडतात, मी उलट सांगेन: बाजूच्या स्टँडमध्ये, मध्यरेषेजवळ, जमेल तितकं वर. बचावाची फळी कुठे विस्कटली हे तिथूनच दिसतं. राहायला शहराच्या मध्यात भाव चढलेले असतात, टूवाँग किंवा साउथ ब्रिस्बेन बघा. शाकाहारी माणसाने आतल्या खाण्यावर भिस्त ठेवू नये, बटाट्याच्या चिप्सपलीकडे फारसं काही नसतं. पॅडिंग्टनमध्ये गिव्हन टेरेसवर आधीच पोटभर जेवून घ्या. क्वीन्सलँड म्हणजे ऊन असं समजून टी-शर्टवर जाऊ नका, जुलैच्या रात्री वरच्या मजल्यावर अंगात जाड जॅकेट लागतंच.

गेल्या वर्षीचा सामना न्यू साउथ वेल्सने 18-6 ने नेला. आमचा एकच ट्राय. माझ्या शेजारी कानात छोटा रेडिओ घातलेले एक आजोबा बसले होते. ते ऐंशी मिनिटं क्वचितच बोलले, पण प्रत्येक सहाव्या टॅकलला त्यांची मूठ आवळली जायची. हरल्यावरही शेवटच्या शिट्टीपर्यंत जागचे हलले नाहीत. त्यानंतर कर्णधार चेरी-इव्हान्सला वगळलं, कॅमरन मन्स्टरकडे संघ आला. क्वीन्सलँडने पर्थचा दुसरा सामना 26-24 ने काढला, आणि वडील जाऊन काही दिवसच झालेल्या मन्स्टरने सिडनीत 24-12 असा निर्णायक सामना जिंकून दिला.

म्हणजे मालिकेची ढाल (विजेत्याची ट्रॉफी) आमच्याकडे आहे, पण घरच्या मैदानाचं देणं बाकी आहे. 2024 चा निर्णायक सामनाही ब्लूजने, म्हणजे न्यू साउथ वेल्सने, इथेच 14-4 ने जिंकला होता. लँग पार्कवर लागोपाठ दोन पराभव कुठल्याही क्वीन्सलँडरला बोचतात. यंदा माझी नजर क्वीन्सलँडच्या रीस वॉल्शवर असेल. क्लब लीगच्या 2025 च्या ग्रँड फायनलमध्ये ब्रिस्बेनच्या ब्रॉन्कोसने मेलबर्नच्या क्लबला 26-22 ने हरवलं, तेव्हा सामनावीर तोच होता. फुलबॅकच्या (सर्वात मागे खेळणाऱ्याच्या) जागेसाठी कॅलिन पोंगा आणि हॅमिसो टबुआई-फिडो हेही दावेदार आहेत, प्रशिक्षक बिली स्लेटर कोणाला घेतो ते बघायचं. समोर, न्यू साउथ वेल्सकडे, नेथन क्लीअरीची किक आणि मधल्या फळीत पेन हास. हासला पहिल्या वीस मिनिटांत रोखलं नाही तर क्लीअरीला हवी तशी जमीन मिळते, सामना तिथेच हातचा जातो.

सामना संपला की लगेच मिल्टनकडे धावू नका, फलाटावर रांगा लागतात. अर्धा तास पुतळ्यांपाशी थांबा, किंवा सरळ रोमा स्ट्रीटपर्यंत चालत जा. महाराष्ट्रातून टीव्हीवर पाहणाऱ्यांसाठी: ब्रिस्बेनची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे. सामने साधारण रात्री 8:05 ला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे दुपारी 3:35. माझा अंदाज क्वीन्सलँड, सहा गुणांनी.